भिंतीवरचा गोलकीपर

फोन आला तेव्हा मी लंडनला, हॅमरस्मिथच्या ऑफिसात कोट चढवत होतो. मंगळवार होता, साडेपाच वाजून गेले होते. पलीकडे एक बाई होती, आवाज अगदी शांत. तिनं माझ्या नावाची खात्री करून घेतली आणि मग विचारलं, तुम्ही बसलेले आहात का? धनंजयच्या मोबाइलवरचा शेवटचा नंबर माझा होता, म्हणून हॉस्पिटलनं मला शोधलं होतं. रस्ता ओलांडताना त्याला गाडीनं उडवलं होतं. कितपत लागलंय, असं मी दोनदा विचारलं. ती दोन्ही वेळा एवढंच म्हणाली, "तुम्ही या, आपण इथे बोलू." ट्रेनमध्ये उभा राहून मी त्याला फोन लावत राहिलो. कुणीतरी उचलेल, बहुतेक तोच उचलेल, असं वाटत होतं... पोचलो तेव्हा सगळं संपलं होतं. खरं तर फोन आला तेव्हाच संपलं होतं. इथे असं फोनवर सांगत नाहीत, एवढंच.

त्याला आज सात आठवडे झाले. या सात आठवड्यांत इथल्या आपल्या लोकांमध्ये बरंच बोललं गेलं. तो मोबाइलवर बोलत चालला होता, त्याच्या कानात हेडफोन होते, एकटा राहायचा म्हणजे पीत असणार. ईलिंगमध्ये भाजी घेताना एका गृहस्थांनी मलाच हे सगळं ऐकवलं. मी काही बोललो नाही. धनाबद्दल न बोलण्याची मला इतकी सवय झाली होती की तो गेल्यावरही तोंड उघडेना. म्हणून लिहितोय.

धनंजय कोल्हापूरचा. २००३च्या फेब्रुवारीत तो आमच्या ईलिंगच्या घरात राहायला आला. मी आधीपासून तिथे होतो. वर्क परमिटवर आलेली दोन माणसं, दोन खोल्या, एक किचन आणि घरमालकाचा एक जुना, पोट सुटलेला टीव्ही. धना लंडनबाहेर, मेडनहेडच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टर होता, रोज सकाळी उलट्या दिशेच्या रिकाम्या ट्रेननं जायचा. पहिल्याच शनिवारी सकाळी मी रिमोट हातात घेतला, तर त्यानं तो माझ्या हातातून अलगद काढून घेतला. "भावा, पावणेएकला मॅच आहे. तोवर काय बघायचं ते बघ." मी पुण्याचा, मला क्रिकेट सोडून काही कळत नव्हतं. फुटबॉलमध्ये एवढं काय आहे, असं मी विचारलं. तो माझ्याकडे जरा दयेनं बघत म्हणाला, "आमच्याकडं तालमीची टीम हरली की त्या पेठेत त्या दिवशी चूल पेटत नाही. तुला काय सांगू लेका मी."

त्याचे वडील, आप्पा, बारा वर्षं पेठेतल्या तालमीच्या फुटबॉल टीमचे गोलकीपर होते. एसटीच्या वर्कशॉपमध्ये नोकरी आणि संध्याकाळी मैदान, एवढंच त्यांचं आयुष्य. धनालाही त्यांनीच गोलमध्ये उभं केलं. तेविसाव्या वर्षापर्यंत तो खेळला आणि मग खांदा गेला म्हणून सोडलं, असं तो सांगायचा. आप्पांचं एक ठरलेलं होतं. कीपर बघायचा असेल तर त्याचे हात बघू नका, पाय बघा. हात काय, सगळ्यांचेच उडतात, पण कीपर चुकतो तो आधी पायात चुकतो. शनिवारी दुपारी इथे मॅच सुरू व्हायची तेव्हा कोल्हापुरात संध्याकाळचे सव्वासहा झालेले असत. आप्पा तिकडे तीच मॅच लावून बसत. शेवटची शिट्टी वाजली की पाचेक मिनिटांत आमच्याकडचा फोन वाजे, आणि मग अर्धा तास बापलेकांचं चाले. तब्येत कशी आहे, पगार झाला का, तिकडे थंडी किती, यातलं काही नाही. "पाय उचलायला उशीर केला की न्हाई त्यानं?" "केला की आप्पा. वजन डाव्या पायावर होतं त्याचं." मी चहा करता करता ऐकत असे. माझे वडील आणि मी फोनवर दीड मिनिटाच्या वर कधी बोललेलो नाही. मला त्या दोघांचा हेवा वाटायचा.

२००५च्या सप्टेंबरात माझं लग्न झालं, माधवी इथे आली आणि धनानं मेडनहेडला स्टेशनपासून दहा मिनिटांवर एक छोटी जागा भाड्यानं घेतली. आता त्याला टीव्ही हवा होता. एका शनिवारी आम्ही दोघं टॉटनहॅम कोर्ट रोडवर गेलो. तिथल्या त्या मोठ्या दुकानात एका भिंतीवर वीस-पंचवीस टीव्ही आणि सगळ्यांवर एकच मॅच चाललेली. धना एकेका टीव्हीसमोर उभा राहायचा, मान जरा तिरकी करायचा, पुढच्याकडे जायचा. लहान बघितले, मोठे बघितले, ते नवे चपटे बघितले. मी कंटाळलो. "अरे, सगळ्यांवर तेच दिसतंय. घे ना कुठला तरी." तो म्हणाला, "बघतोय की." साउथॉलचा एक सरदारजी सेल्समन होता, त्यानं शेवटी विचारलं, "प्रोजेक्टर देखोगे?" आणि आतल्या एका अंधाऱ्या खोलीत नेलं. टेबलावर जाडजूड पुस्तकाएवढा डबा होता आणि समोरच्या भिंतीवर माणसाएवढाच उंच गोलकीपर उभा होता. धना जागच्या जागी थांबला. मग चालत भिंतीपर्यंत गेला आणि मोठ्यानं हसला. "आयला, सुहास... मोजा खाली आलाय बघ त्याचा. डावा."

इतका आनंद झालेला मी त्याला त्याआधी कधी पाहिला नव्हता. आणि मी त्याची चेष्टा करत होतो. भरदिवसाच्या मॅचेस, त्या बघायला माणूस प्रोजेक्टर घेतो का? खिडकीतून उजेड आला की चित्र फिकट होणार, पंख्याची घरघर, दिवा गेला की नवा मिळेपर्यंत बसा. टीव्ही कसा, बटण दाबलं की सुरू. त्यानं सगळं ऐकून घेतलं. "पडदे लावून बसीन," म्हणाला. "आणि हा बॅगेत बसतो. टीव्ही काय डोक्यावर घेऊन फिरू काय?"

आणि खरंच तो फिरला. काळ्या बॅगेत प्रोजेक्टर, वायरींचं भेंडोळं आणि एक पांढरी चादर घेऊन तो शनिवार-रविवार कुणाकुणाच्या घरी जायला लागला. सगळ्यात जास्त पिनरला, आमच्या ओळखीच्या सोनालीवहिनींकडे. त्यांच्या घरी मोठा टीव्ही होता, पण धना आला की त्याचं तोंड भिंतीकडे व्हायचं. तो त्यांच्या सेट-टॉप बॉक्सची वायर टीव्हीतून काढून आपल्या प्रोजेक्टरला जोडायचा, टीपॉयवर पुस्तकांची चळत रचून त्यावर तो ठेवायचा, पडदे ओढायचा आणि खिडकीच्या फटींना कचऱ्याच्या काळ्या पिशव्या चिकटवायचा. वहिनी कुरकुरायच्या, "अहो भावजी, पेंट निघेल हो भिंतीचा," आणि लगेच भेळ कालवायला घ्यायच्या. फुटबॉलचा गंध नसलेली माणसंही यायची. आमच्या सगळ्यांच्या घरांत एकेक चौकोनी एकटेपणा होता. धना आला की त्या अंधाऱ्या खोलीत दहा-बारा माणसं मांडीला मांडी लावून बसायची. लोक म्हणायचे, काय हौशी माणूस आहे! मीही म्हणायचो.

२००६च्या जूनमध्ये वर्ल्ड कप चालू होता. दुपारची मॅच होती, पिनरला सगळे जमलो होतो. पहिल्या अर्ध्या तासातच प्रोजेक्टरचा दिवा फट् करून गेला. ओरडाआरडा झाला, कुणीतरी पडदे उघडले, वायर परत टीव्हीला लावली आणि सगळे टीव्हीकडे तोंड करून बसले. धना माझ्या शेजारी होता. थोड्या वेळानं गोल झाला. खोली ओरडली आणि मग धना ओरडला. मला काहीच वाटलं नाही. पण वहिनींची ईशा, सात वर्षांची, इथेच जन्मलेली, आमच्या समोर गालिच्यावर बसून त्याच्याकडेच बघत होती. ती मोठ्यानं म्हणाली, "धनाकाका टीव्ही बघतच नाही. ती बाजूच्या भिंतीला बघते." सगळे तिच्या मराठीला हसले. मी धनाकडे पाहिलं. तो खरोखरच टीव्हीच्या बाजूच्या रिकाम्या भिंतीकडे बघत होता आणि त्याच्या कपाळावर घाम होता.

पिनर स्टेशनच्या बाकावर आम्ही बसलो. ऊन अजून चांगलं लख्ख होतं. मी सरळ विचारलं. त्यानं दोन ट्रेन जाऊ दिल्या, मग बोलला. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजत चालला होता. जन्मापासून रक्तात असलेला, आणि हळूहळू वर येणारा आजार. कडेचं दिसायचं, मधलं जायचं. तू माझ्यासमोर बसलायस, तर मला तुझे कान दिसतात, खांदे दिसतात, मध्ये तोंडाच्या जागी धुरकट डाग दिसतो, असं तो म्हणाला. तोंड बघायचं असेल तर तुझ्या खांद्याकडे बघायला लागतं. टीव्हीवरचा बॉल त्या डागात केव्हाच गेला होता. भिंतीवर चित्र मोठं करून घेतलं की डागाच्या बाहेर काहीतरी उरायचं. आणि अंधारात कोण कुठे बघतंय ते कुणाला कळत नाही. लोकांच्या घरी जाताना प्रोजेक्टर घेऊन जायचं, म्हणजे लोकांच्या टीव्हीसमोर बसायची पाळी येत नाही.

"खांदा-बिंदा काही नव्हतं रे," तो म्हणाला. "शेवटच्या सीझनला बॉल मध्येच नाहीसा व्हायचा. एकदा हातात आला असं वाटलं आणि माझ्या मागं जाळीत होता. आप्पा तिथंच उभे होते, गोलच्या मागं."

"आप्पांना माहीत आहे?"

"कुणालाच नाही. आता तुला."

त्यानं मला शपथ घातली. त्याचं वर्क परमिट कंपनीच्या नावावर होतं. नोकरी गेली की परमिट गेलं. चार वर्षं झाली की कायमचं राहायला मिळत होतं, पण त्याच वसंतात नियम बदलला आणि चाराची पाच झाली. म्हणजे आता २००८चा फेब्रुवारी. तोपर्यंत कुणाला कळू द्यायचं नाही. टेस्टरचं काम सगळं स्क्रीनवरचं. त्यानं अक्षरं मोठी केली होती, बाकीचे घरी गेल्यावर थांबून काम उरकत होता. मी एका अटीवर कबूल झालो, की डोळ्यांच्या हॉस्पिटलात चल. तो आला. तिथल्या डॉक्टरांनी सगळं तपासलं आणि याला औषध नाही, ऑपरेशन नाही, असं अतिशय सभ्यपणे सांगितलं. नंतर एक बाई आमच्याशी बसून बराच वेळ बोलली. कंपनीला सांगा, म्हणाली. कायदा तुमच्या बाजूचा आहे, तुम्हाला सोयी करून देणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. तिनं माहितीचे कागद दिले आणि एक घडीची छोटी पांढरी काठी दिली. ती चाचपडत चालण्याची नव्हे, नुसती हातात धरायची. समोरच्याला कळावं म्हणून. बाहेर पडल्यावर धना म्हणाला, "कायदा इथल्या माणसांसाठी असतोय. मी कागदावरचा माणूस." मी वाद घातला नाही. मला तेव्हा त्याचं पटलं होतं. आज मला माहीत आहे की ती बाई बरोबर सांगत होती, आणि आम्ही दोन शिकलेली माणसं तिच्यासमोर मान हलवून बाहेर पडलो.

घरी मुली बघणं चाललं होतं. तो नको म्हणत राहिला. आईला वाटलं, पोरानं तिकडे कुणी गोरी बघितली. आप्पांनी त्यावर कधी शब्द काढला नाही, ते फक्त मॅचबद्दल बोलत. आणि हळूहळू धनाकडे मॅचबद्दल सांगण्यासारखं काही उरेना. दर दोन-तीन महिन्यांनी तो प्रोजेक्टर भिंतीपासून आणखी लांब न्यायचा, चित्र आणखी मोठं करायचा आणि स्वतः आणखी पुढे सरकायचा. २००७च्या उन्हाळ्यानंतर त्यानं मला बोलवायला सुरुवात केली. शनिवारी मी मेडनहेडला जायचं, नाहीतर आमच्या टीव्हीवर मॅच बघायची आणि संपल्या संपल्या फोनवर त्याला कीपरचं सांगायचं, म्हणजे आप्पांचा फोन येईपर्यंत त्याच्याकडे काहीतरी असे. मी वहीत लिहून ठेवायचो. बॉल कुठून आला, तो कुठे उभा होता, कुठल्या बाजूला पडला. धना चिडायचा. "हात नको सांगू रे. पाय कुठं होते?" मला पाय दिसायचेच नाहीत. म्हणजे दिसायचे, पण काय बघायचं ते कळायचं नाही. माधवीला यातलं काही माहीत नव्हतं. शनिवारच्या दुपारी तिला बाहेर जायचं असायचं आणि नवरा वही घेऊन फुटबॉल बघत बसायचा, तोही कुठल्याच टीमचा नसताना.

ऑक्टोबरमध्ये मी त्याच्याकडे शेवटचा गेलो. पडदे लावलेले. प्रोजेक्टर त्यानं पॅसेजमध्ये नेऊन ठेवला होता, दार उघडं टाकून. चित्र भिंतीवर मावत नव्हतं, अर्धं मैदान छतावर चढलं होतं, कपाटावर प्रेक्षक होते. एवढं मोठं केल्यामुळे सगळ्याचे नुसते रंगीत चौकोन झाले होते. आणि धना भिंतीला नाक लावून उभा होता. त्याचीच सावली चित्रावर पडायची, म्हणून तो एकदा डावीकडे सरके, एकदा उजवीकडे. मला पाहवेना. मी म्हटलं, "धना, बस खाली." तो म्हणाला, "थांब, कॉर्नर आहे." कॉर्नर नव्हता. खेळ केव्हाच दुसऱ्या बाजूला गेला होता. मी ते सांगितलं. तो भिंतीपासून मागे सरकला. म्हणाला, "बंद कर."

त्या दिवशी आम्ही भांडलो. मी म्हणालो, आप्पांना सांग. निदान त्यांना तरी सांग. तो म्हणाला, "सांगितलं की ते म्हणणार, ये परत. आणि मी जाणार. तिथं काय करणार मी? गल्लीत आंधळा धना म्हणून बसू? चार महिने राहिलेत, सुहास. चार महिने कळ काढ." निघताना मी विचारलं, रस्त्यानं नीट जातोस ना? ती काठी धर ना हातात. तो हसला. "रोजचा रस्ता आहे. पायांना माहीत आहे."

नोव्हेंबरातला तो शनिवार. माधवीनं पडद्यांसाठी कापड बघायचं काढलं होतं, आणि मी या वेळी नाही म्हणू शकलो नाही. मॅच संपायच्या वेळेला आम्ही वेंब्लीत एका दुकानात होतो. धनाचा फोन आला. मी मॅच पाहिली नव्हती. कापडाच्या ठाणांमागे जाऊन मी त्याला काहीबाही सांगितलं. स्कोअर मला शेजारच्या माणसाकडून कळला होता, बाकी मनानं रचलं. कीपर डावीकडे झेपावला, पाय जमिनीला चिकटले होते, वगैरे. तासाभरानं त्याचा पुन्हा फोन. "आज आप्पांनी झापलं रे. कीपर जागेवरनं हललाच नव्हता म्हणे. तू कुठली मॅच बघितलीस?" मी खरं सांगितलं. तो म्हणाला, "असू दे. तुला पण संसार आहे." सोमवारी त्यानं एकदा फोन केला होता, तो मी घेऊ शकलो नाही. मंगळवारी करू म्हटलं.

मंगळवारी ऑफिसातून परतताना, स्टेशनकडून घरी येणाऱ्या त्याच रोजच्या रस्त्यावर, संध्याकाळी पाचच्या सुमाराला, तो फुटपाथवरून खाली उतरला. अंधारून आलं होतं, बारीक पाऊस होता. गाडी एक बाई चालवत होती, मागच्या सीटवर तिची मुलगी होती. ती वेगात नव्हती. पोलिसांनी मला नंतर सांगितलं की ती बाई एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती, त्यानं थांबून सरळ माझ्याकडे बघितलं आणि मग पाऊल टाकलं. मी बघितलंय, तो माझ्याकडेच बघत होता. पोलिसाला ते विचित्र वाटत होतं. मला नाही वाटलं. तो ज्याच्याकडे सरळ बघायचा तेच त्याला दिसत नसे. चौकशीच्या माणसानं विचारलं, त्यांना दृष्टीचा काही त्रास होता का? दीड वर्ष जपलेली शपथ मी तिथे मोडली. त्यानं लिहून घेतलं. त्याची जागा रिकामी करताना टेबलाच्या खणात ती पांढरी काठी सापडली. प्लास्टिकचं वेष्टण तसंच होतं.

त्याला घेऊन मी कोल्हापूरला गेलो. पंचगंगेच्या घाटावर तालमीतली सगळी माणसं होती, त्याच्याबरोबर खेळलेली. तिसऱ्या दिवशी दुपारी आप्पांनी मला बाहेरच्या सोप्यात बोलावलं. सत्तरीला आलेला, पण अजून ताठ माणूस, बोटं सगळी वाकडी झालेली. त्यांनी विचारलं, "सुहास, एक सांगशील काय? पोरानं रस्ता बघून का न्हाई ओलांडला? त्याला मी लहानपणापासनं शिकवलंय, हालायच्या आधी बघ म्हणून." मी सांगितलं. सगळं सांगितलं... दुकान, प्रोजेक्टर, पिनर, हॉस्पिटल. आतून आईंचं रडणं ऐकू येत होतं, त्यांनी दाराआडून ऐकलं असावं. मग आप्पा म्हणाले, "मग त्याला दिसतच नव्हतं, तर मला दर शनिवारी कीपरचं कोण सांगत होतं?"

"मी बघून त्याला सांगायचो. गेले चारपाच महिने."

"तरीच," ते म्हणाले. "तरीच सगळं चुकत होतं. मला वाटलं, पोराचं लक्ष उडालं. फुटबॉलवरनं उडालं, आमच्यावरनं उडालं." मग त्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. "शेवटच्या शनिवारी मी त्याला काय बोललो, ठाऊक आहे? म्हटलं, खोटं सांगायला लाज वाटत न्हाई तुला? मॅच बघत न्हाईस तर बघत न्हाई म्हण. बापाला फसवू नको." "त्यावर तो काय म्हणाला सांगू? चुकलं आप्पा, म्हणाला."

त्या शनिवारी खोटं मी सांगितलं होतं. हे मी आप्पांना सांगितलं नाही. तेवढं एक अजून माझ्याकडे आहे, ते आज इथे लिहिलं. हा लेख ते वाचतील की नाही, मला माहीत नाही.

परत आल्यावर सोनालीवहिनींनी विचारलं, तो प्रोजेक्टर तुमच्याकडे आहे ना, धनाभावजींची आठवण म्हणून एकदा मॅच लावू या सगळे. मी त्यांना म्हटलं, दिवा गेलाय. दिवा गेलेला नाही. वरच्या खोलीत कपाटात बॅग आहे, चादरीसकट, आणि माधवी ते कपाट उघडायचं टाळते. तिला मी आता सगळं सांगितलंय. त्यानंतर दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. मग म्हणाली, मला सांगितलं असतंस तर मी पडद्यांना कशाला नेलं असतं तुला.

गेल्या शनिवारी दुपारी मी पहिल्यांदाच स्वतःहून एक पूर्ण मॅच बघितली. फक्त एका कीपरकडे बघत राहिलो, त्याच्या पायांकडे. एक गोल झाला तेव्हा त्याचा उजवा पाय आधी हलला आणि वजन चुकीच्या बाजूला गेलं, हे मला दिसलं. खरोखर दिसलं. मॅच संपल्यावर मी कोल्हापूरला फोन लावला. आईंनी उचलला. मी विचारलं, आप्पा मॅच बघत होते का? त्या म्हणाल्या, "न्हाई रे बाळा. टीव्ही लावत न्हाईत आता. बसतात तिथंच, त्याच वेळेला, बंद टीव्हीसमोर." मी म्हटलं, त्यांना फोन देता का जरा? त्यांनी रिसीव्हर खाली ठेवल्याचा आवाज आला. लांबून दोघांचं काहीतरी बोलणं ऐकू आलं. मग त्याच परत आल्या.

"काय काम होतं, म्हणून विचारायला सांगितलंय त्यांनी."

"काही नाही," मी म्हटलं. "सहज केला होता."